जुनं कर्नल काढताना

लिनक्समध्ये नवीन कर्नल आलं की जुनं जात नाही. बाकीच्या पॅकेजांचं असं नसतं. लिबरऑफिसची नवी आवृत्ती आली की ती जुनीच्या जागेवर बसते आणि जुनी होती याचा मागमूसही राहत नाही. कर्नल मात्र जुन्याच्या शेजारी चटई टाकून बसतं. काही आठवड्यांनी अजून एक येतं. मग अजून एक. आणि एके दिवशी अपडेट अर्ध्यात अडकतं, पडद्यावर चार ओळी इंग्रजी उमटतात आणि माणूस घाबरून हाताला लागेल ती फाइल पुसायला लागतो. ते शेवटचं कुणी करू नये म्हणून आज लिहायला बसले आहे.

घरातल्या वाचकांसाठी आधी एक खुलासा. "जुने कर्नल काढायचेत" असं मी जेवताना म्हटलं तेव्हा काकांनी विचारलं होतं, "निवृत्त झाले की आपोआपच जातात की, काढायचे कशाला?" तर हे ते फौजेतले कर्नलसाहेब नव्हेत. हे कर्नल म्हणजे गाभा. तुमचं बोट की-बोर्डवर पडतं, अक्षर पडद्यावर येतं, फाइल डिस्कवर जाते, वायफायमधून पान उतरतं, या सगळ्याची ये-जा ज्याच्या हातून होते तो कार्यक्रम. लिनस टोरवाल्ड्स हा हेलसिंकीतला विद्यार्थी. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने आपण छंद म्हणून असं काहीतरी लिहितोय हे जगाला कळवलं. सप्टेंबरात आलेली ०.०१ ही आवृत्ती जेमतेम दहा हजार ओळींची होती. १४ मार्च १९९४ ला १.० आली तेव्हा ओळी पावणेदोन लाखांच्या घरात गेल्या होत्या, आणि आता तो आकडा तीन कोटींच्याही वर आहे. एवढ्या ओळींमध्ये सतत कुणीतरी काहीतरी दुरुस्त करत असतं, म्हणून अपडेटं येत राहतात.

मग जुनं ठेवायचं कशाला? दोन कारणं आहेत, आणि दोन्ही पटण्यासारखी आहेत.

एक म्हणजे, अपडेट येतं तेव्हा संगणक चालू असतो आणि तो जुन्याच कर्नलवर चालू असतो. नवीन नुसतं येऊन बसलेलं असतं, ते पुढच्या वेळी यंत्र सुरू होईल तेव्हा कामाला लागणार. तोवर चालू कर्नलला स्वतःचे सुटे भाग (त्यांना मॉड्यूल्स म्हणतात) लागतात, आणि ते सगळे आधीच मेमरीत घेतलेले नसतात. पेनड्राइव्ह लावला की त्याचं मॉड्यूल त्या क्षणी डिस्कवरून उचललं जातं. तुम्ही जुन्याची सामग्री काढून टाकलीत तर चालू कर्नल हात पुढे करतं आणि हाताला काही लागत नाही. आर्च लिनक्सवाले हे नेहमी अनुभवतात. तिथे नेहमीचं कर्नल नव्याने सरळ बदललं जातं, जुनं राहत नाही. मग अपडेटनंतर रीस्टार्ट केलं नसेल तर पेनड्राइव्ह लावूनही तो उघडत नाही आणि नवखा माणूस पेनड्राइव्हलाच शिव्या देतो.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. नवीन कर्नल तुमच्या यंत्रावर नीट चालेलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही. ते हजारो तऱ्हांच्या यंत्रांवर जातं, तुमचं यंत्र त्यातलं एक. नव्यावर पडदा काळा राहिला, वायफाय गायब झालं, आवाज बसला, तर सुरू होताना शिफ्ट (नव्या यंत्रांत एस्केप) दाबून ग्रबचा मेनू आणायचा, त्यात 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये जायचं आणि जुनं कर्नल निवडायचं. यंत्र कालच्यासारखं उभं राहतं. परतीची वाट म्हणतात ती हीच. ती बुजवायची का आणि कधी, हा खरा प्रश्न. कमांड कोणती द्यायची हा त्याच्या नंतरचा.

आता आत्याकडे येते. आत्या वाईला असते, एकटी. जिल्हा परिषदेच्या शाळेत अडतीस वर्षं शिकवून निवृत्त झाली, आणि गेली काही वर्षं आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेते आहे. एसटीने जाते, ओसरीवर बसते, छोट्या रेकॉर्डरवर आवाज घेते, वहीत लिहिते आणि घरी येऊन लॅपटॉपवर टाइप करते. त्यातल्या तीन-चार जणी आता नाहीत. त्यांच्या आवाजातल्या ओव्या त्या लॅपटॉपवर आहेत. म्हणजे घरातल्या कुणाला "आत्याचा तो जुना डबा" वाटत असेल तर त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

२०१८ मध्ये मी त्यावर उबुंटू १८.०४ टाकून दिलं. लॅपटॉप एसटीत हिंडणार, हरवू शकतो, म्हणून सगळी डिस्क कुलूपबंद केली, म्हणजे एन्क्रिप्शन. अशा मांडणीत एक गोष्ट होते. यंत्र सुरू होताना कुलूप उघडायच्या आधीच कर्नल वाचावं लागतं, म्हणून ते कुलपाच्या बाहेर एका वेगळ्या छोट्या कप्प्यात ठेवलं जातं. त्या कप्प्याचं नाव बूट. (आत्याला पायातला आठवला. शिक्षिकेला आठवणारच.) हा कप्पा साधारण सातशे एमबीचा. डिस्क पाचशे जीबीची असली तरी या कप्प्याला त्याचा काही उपयोग नाही, भिंत पक्की असते. पुढे २०.०४ आलं, मग २२.०४ आलं, कप्पा तेवढाच राहिला.

आणि एकेक कर्नल या कप्प्यात किती जागा खातं? कर्नलची मूळ फाइल दहा-बारा एमबीची असते, तिचं काही नाही. सगळ्यात अवजड असते ती इनिट-आरडी, म्हणजे यंत्र उठताना लागणाऱ्या सामानाची शिदोरी. कुलूप कसं उघडायचं, डिस्क कशी ओळखायची हे सगळं तिच्यात बांधलेलं असतं. आत्याच्या यंत्रावर ती शंभर एमबीच्या वर भरते. म्हणजे एकेका कर्नलमागे सव्वाशे एमबी धरा. पाच मावतात, सहावं नाही.

एरवी सहावर वेळच येत नाही. उबुंटू स्वतःच जुनी कर्नलं काढत असतं. चालू असलेलं ठेवायचं, सगळ्यात नवं आणि त्याच्या आधीचं ठेवायचं, बाकीची 'आपोआप आलेली' असतील तर काढायची, असा त्याचा हिशोब. मेख आहे ती 'आपोआप आलेली' या शब्दांत. जे पॅकेज अपडेटच्या ओघात आलं ते आपोआप आलेलं. जे कुणीतरी नाव घेऊन मागवलं ते मालकाचं, त्याला साफसफाई हात लावत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका अपडेटनंतर आत्याचं वायफाय गेलं होतं. तिच्या वायफायच्या चिपचा ड्रायव्हर कर्नलबरोबर येत नाही, तो प्रत्येक नव्या कर्नलसाठी वेगळा बांधावा लागतो आणि त्यासाठी त्या कर्नलची 'हेडर्स' लागतात. ती आली नव्हती. गावातल्या एका दुरुस्तीवाल्या मुलाने दोन-तीन कर्नलं नाव घेऊन टाकून पाहिली, शेवटी हेडर्सचं पॅकेज टाकलं आणि वायफाय आलं. मुलगा हुशार, काम चोख. मागे राहिली ती नावानिशी मागवलेली तीन कर्नलं : ९१, ९४ आणि ९७.

हे आकडे कसले ते सांगते, पुढे लागतील. पूर्ण नाव '५.१५.०-९१-जेनेरिक' असं असतं. ५.१५ ही टोरवाल्ड्सच्या कर्नलची आवृत्ती, ऑक्टोबर २०२१ ची, दीर्घ मुदतीसाठी सांभाळली जाणारी. शेवटचा ९१ हा उबुंटूचा क्रमांक. तो बदलला की पॅकेजचं नावच बदलतं, म्हणून उबुंटूच्या लेखी ९१ आणि ९४ ही एकाच पॅकेजची जुनी-नवी रूपं नसतात, दोन वेगळी पॅकेजं असतात. शेजारी-शेजारी बसतात ती त्यामुळे.

तर मे २०२४ चा शेवटचा आठवडा. रात्री साडेआठला फोन. "अगं, ते अपडेट म्हणतंय जागा नाही. एवढी मोठी डिस्क, जागा नाही म्हणजे काय?" मी तिला ओळी वाचायला सांगितल्या. स्पेलिंगसकट वाचल्या तिने. नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस, आणि त्याखाली इनिट-आरडी बांधता आली नाही असं काहीतरी. कर्नल १०७.

मी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की यंत्र बंद करू नकोस. चालू आहे तोवर ते चांगल्या कर्नलवर चालू आहे. अर्धवट आलेलं १०७ मेनूत चढलं असेल आणि यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं, तर ते पहिल्यांदा त्यालाच उठवायला जाईल. शिदोरी नसलेलं कर्नल उठतं आणि आपली डिस्कच सापडत नाही म्हणून जागच्या जागी कोसळतं. तेव्हाही मेनूतून जुनं निवडता येतं, पण ते रात्री, एकटीने, फोन कानाला लावून करायला लावायची माझी तयारी नव्हती. वाईला त्या दिवसांत संध्याकाळी वळीव येतो आणि वीज जाते. तिच्या लॅपटॉपची बॅटरी वीस मिनिटंसुद्धा टिकत नाही. "ढग आहेत का?" मी विचारलं. "मांढरदेवाच्या बाजूला चमकतंय," ती म्हणाली.

दुसरी गोष्ट, पेनड्राइव्ह. कर्नल काढताना ओव्यांना काही होत नाही, त्या दुसऱ्या कप्प्यात असतात. तरी ओव्यांचं अख्खं फोल्डर आधी बाहेर काढून घेतलं. दहा-बारा मिनिटं गेली त्यात, दोघी गप्प. ती दहा मिनिटं वाचवायची नसतात असं माझं स्पष्ट मत आहे, वीज जाणार असली तरी. विशेषतः जाणार असली तर.

मग टर्मिनल. पहिली कमांड यूनेम, मोकळी जागा, आडवी रेघ, आर. चालू कर्नल कोणतं ते हिने कळतं. आत्याने टाइप केलं, एंटर मारला आणि म्हणाली, "'हलोसा' असं आलंय आणि सापडत नाही म्हणतंय." हलोसा? मग उजेड पडला. तिचा की-बोर्ड कायम मराठीत, इनस्क्रिप्टवर असतो. यूच्या जागी ह, एनच्या जागी ल. यूनेमची पाच इंग्रजी अक्षरं मराठीत हलोसा होतात. सुपर आणि स्पेसबार दाबून भाषा बदलली. (आता आमच्याकडे 'हलोसा बघ' म्हणजे कर्नल बघ.) :)

उत्तर आलं १०५. मी म्हटलं, वहीत लिही, हा आकडा काढायचा नाही. ज्या फांदीवर बसलोय ती. डेबियन घराण्यात चालू कर्नल काढायला गेलात तर यंत्र थांबून विचारतं, काढणं रद्द करायचं का. पण घाबरलेला माणूस विचारलेलं वाचत नाही, हाताला येईल ते दाबतो.

दुसरी कमांड डीएफ, तिने कप्प्यातली जागा दिसते. बूट शंभर टक्के. तिसरीने बूटमध्ये काय काय आहे त्याची यादी. तिने वहीत लिहिलं : ९१, ९४, ९७, १०५, १०६ आणि अर्धवट १०७.

आता इथे मोह होतो. फाइली समोर दिसत असतात, आरएम म्हणून ९१ ची इनिट-आरडी पुसली की शंभर एमबी मोकळे. बरेच जण हेच करतात. फाइल जाते, पण पॅकेजांच्या खातेवहीत ९१ आहेच. ग्रबच्या मेनूतही नाव राहतं, निवडलं तर उठत नाही. त्याची मॉड्यूल्स दुसऱ्या कप्प्यात काही शे एमबी अडवून बसतात. आणि पुढे कधी सगळ्या इनिट-आरडी नव्याने बांधायची वेळ आली की पुसलेली फाइल पुन्हा हजर होऊ शकते. शाळेतून मूल गेलं आणि हजेरीपटावरून नाव काढलं नाही तर काय होतं ते आत्याला वेगळं सांगावं लागलं नाही. "मग दाखला देऊनच काढ," ती म्हणाली.

दुसरा मोह म्हणजे नेटवर वर्षानुवर्षं फिरणारी ती लांबलचक एक ओळ. 'चालू सोडून बाकी सगळी कर्नलं काढ' असा तिचा अर्थ. टिंबं-रेघांची रांगोळी बघूनच माणसाला वाटतं, लिहिणारा जाणकार असणार. असेलही. पण आत्याच्या यंत्रावर ती चालवली असती तर १०५ सोडून सगळं गेलं असतं, नवीन १०६ आणि १०७ सुद्धा, कारण चालू म्हणजे सगळ्यात नवं असं त्या ओळीने गृहीत धरलेलं असतं. आत्या महिनाभर यंत्र बंदच करत नाही, नुसतं झाकण मिटते. आपल्यापैकी किती जण करतात? दुसऱ्याच्या यंत्रावर काय चालू आहे हे ओळ लिहिणाऱ्याला माहीत नसतं. मला ती चालवण्यापेक्षा नाव घेऊन एकेक काढलेलं आवडतं. दोन मिनिटं जास्त जातात.

खरं तर नेहमीची सरळ वाट ॲप्ट ऑटोरिमूव्ह, जोडीला पर्ज. निवांत वेळी आणि कप्पा भरायच्या आधी तेवढंच पुरतं. त्याच्याआधी 'एस' लावून नुसती रंगीत तालीम करता येते, काय काय जाईल त्याची यादी येते आणि प्रत्यक्षात काही होत नाही. पण आत्याच्या यंत्रावर ॲप्ट अडून बसलं होतं. १०७ अर्धवट आहे, आधी ते पुरं करा म्हणे. पुरं करायला जागा नाही. जागा करायला ॲप्ट पाहिजे. सरकारी कचेरीत असतं तसं, या दाखल्यासाठी तो आणि त्यासाठी हा.

अशा वेळी ॲप्टच्या खालच्या डीपीकेजीकडे जायचं. तो हिशोबनीस, त्याला पुढचं-मागचं फारसं पडलेलं नसतं, एका पॅकेजपुरतं बघतो. डीपीकेजी, पर्ज, मग ९१ ची इमेज आणि तिच्या सोबतचं मॉड्यूल्स-एक्स्ट्रा. दोन्ही एकाच ओळीत दिली नाहीत तर एक दुसऱ्यावर अवलंबून आहे म्हणून तो नकार देतो. नावं लांबलचक, पण थोडं टाइप करून टॅब दाबला की उरलेलं तोच भरतो. टॅबचा शोध लागल्यावर आत्या जाम खूश झाली. आमचा नियम एकच होता, एंटरच्या आधी तिने पूर्ण ओळ मोठ्याने वाचायची आणि आकडा वहीतल्या आकड्याशी ताडून बघायचा. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. तिथे "चालत नाहीये गं" असं दोनदा झालं.

तेवढ्यात वीज गेली.

बॅटरीवर पडदा मंद झाला. फोनवर पावसाचा आवाज. "एंटर मारू का?" मी विचारलं, ओळ वाचलीस? वाचली म्हणाली. आकडा? "एक्क्याण्णव." मार म्हटलं. पाच-सात ओळी सरकल्या, ९१ ची इनिट-आरडी पुसल्याची एक ओळ आली, ग्रबचा मेनू नवा झाला. मग ॲप्टला राहिलेलं पुरं करायला सांगितलं, त्याने १०७ ची शिदोरी बांधली, हेडर्स होतीच त्यामुळे वायफायचा ड्रायव्हरही बांधला. बॅटरी अठ्ठावीस टक्के होती तेव्हा काम संपलं. आता यंत्र बंद केलं तरी चालणार होतं. तिने झाकण मिटलं आणि "भात लावायचा राहिलाय" म्हणून फोन ठेवला.

उरलेलं दुसऱ्या दिवशी सकाळी, उजेडात. ९४ आणि ९७ यांना 'आपोआप आलेली' अशी खूण केली, ॲप्ट-मार्क म्हणून कमांड आहे. मग रंगीत तालीम, यादीत हीच दोन आहेत ना हे बघणं आणि मग ऑटोरिमूव्ह. मग रीस्टार्ट. १०७ वर यंत्र उठलं. वायफाय आलं. रेकॉर्डर लावला, ओव्या ऐकू आल्या. प्रिंटरवर एक पान काढलं. मराठी टाइप झालं.

कप्प्यात आता तीन होती : १०५, १०६, १०७. तीन मावतात, चौथ्यापुरती जागाही राहते. ती राहायला हवी, कारण इनिट-आरडी नव्याने बांधताना आधी नवी तयार होते आणि मगच जुनी जाते. फेडोराही ठरवून तीनच ठेवतं. मी म्हटलं, झालं की. पुढे उबुंटूच आपलं आपण सांभाळेल. १०७ चालू आहे, १०६ त्याच्या आधीचं म्हणून ठेवेल, १०५ सावकाश काढून टाकेल.

आत्या वहीत बघत होती. म्हणाली, "पण १०६ वर मी बसलेच नाही कधी."

बरोबर होतं. १०६ आलं तेव्हा १०५ चालू होतं, मग थेट १०७ सुरू झालं. १०६ तिच्या यंत्रावर एक मिनिटही चाललेलं नाही. त्यावर वायफाय येतं का, कुलूप उघडतं का, कुणालाच माहीत नाही. आणि उद्या १०७ बिघडलं तर परत यायला तेच हाताशी असणार, केवळ आकड्याने जवळचं म्हणून. १०५ वर मात्र ती महिनाभर रोज बसली होती. यंत्राला आकडे कळतात, कोण कशावर किती दिवस बसलं ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं. इतकी वर्षं लिनक्स वापरते आहे, पण जुनं म्हणजे कोणतं याचा असा हिशोब कुणी माझ्यापुढे मांडला नव्हता.

तिच्यासाठी यात नवीन काही नसावं. एखाद्या ओवीचा पहिला पाठ कच्चा असतो, दुसऱ्यांदा तीच बाई ती वेगळी म्हणते, तिसऱ्यांदा आणखी. आत्या कोणता ठेवते? जो बाईने जात्यावर बसून म्हटला तो. नुसता बोलून दाखवलेला पाठ तारखेने नवा असला तरी ती समासात टाकते.

तर आम्ही उलट केलं. १०५ ला 'नाव घेऊन मागवलेलं' अशी खूण केली. ज्या खुणेमुळे सगळा तुंबा झाला होता तीच, पण या वेळी समजून. आणि १०६ काढून टाकलं. ॲप्टने एकदा विचारलं, काढू ना? आत्याने ओळ मोठ्याने वाचली, आकडा ताडला आणि वाय दाबला. तिच्या वहीत आता तीन रकाने आहेत : आकडा, आलं कधी, बसले कधी.

जूनमध्ये ११२ आलं. त्या दिवशी तिने लॅपटॉप मुद्दाम बंद करून सुरू केला. वायफाय, रेकॉर्डर, प्रिंटर, मराठी, चारही बघितलं आणि आठवडाभर काम केलं. मग मला फोन केला तो विचारायला नव्हे. "१०५ काढलं," म्हणाली. "१०७ ठेवलंय. ओळ वाचली होती."